ताप आला नाही म्हणजे लस लागली नाही का?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. २०२१ मध्ये मला आणि सासूबाईंना कोव्हिशिल्ड मिळाली, मिस्टरांना त्यांच्या सेंटरवर कोव्हॅक्सिन, आणि नणंद अमेरिकेत असते तिने फायझरची घेतली. मला दोन दिवस सणकून ताप, मिस्टरांना काहीच नाही, नणंदेच्या तर काखेत गाठ आली होती. रोग एकच मग लसी एवढ्या वेगळ्या का? ताप आला नाही म्हणजे लस लागली नाही का? आणि फायझरच्या लसीने डीएनए बदलतो म्हणतात ते खरं का? — एक वाचक, कराड

उत्तर: ताई, मिस्टरांना ताप आला नाही म्हणून त्यांची लस वाया गेली असं अजिबात समजू नका, ही शंका आजही ओपीडीत कोणी ना कोणी विचारतंच म्हणून आधी तेच सांगतो.

कोरोनाच्या चित्रात अंगभर काटे दाखवायचे बघा, ते म्हणजे स्पाइक प्रोटीन. ह्याच काट्याने विषाणू आपल्या पेशीला धरतो आणि आत शिरतो. त्यामुळे तुमच्या घरात घेतलेल्या तिन्ही लसींचं मुख्य काम एकच, खरा विषाणू यायच्या आधी हा काटा शरीराच्या ओळखीचा करून ठेवायचा. फरक एवढाच की काटा आणायचा कुठून.

कोव्हॅक्सिनमध्ये अख्खा विषाणूच असतो पण मेलेला. पुण्याच्या एनआयव्हीने, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेने, पेशंटच्या नमुन्यातून वेगळा केलेला विषाणू कारखान्यात वाढवला आणि केमिकलने मारला, आपण कुत्रं चावल्यावर रेबीजची लस घेतो ती ह्याच जातकुळीतली. आता मेलेल्या विषाणूकडे शरीर फारसं लक्ष देत नाही म्हणून सोबत अ‍ॅल्युमिनियमचा क्षार वगैरे घालतात, त्याने शरीर जागं होतं. ही जाग त्या मानाने सौम्य असते म्हणून ताप कमी जणांना येतो.

तुमच्या कोव्हिशिल्डचं वेगळं. चिंपांझीचा सर्दीचा एक विषाणू घेतला, त्याची वाढायची ताकद काढून टाकली आणि आत काट्याचा जीन, म्हणजे काटा बनवायची कृती, बसवला. अर्ध्या मिलीच्या एका डोसमध्ये असे सुमारे ५ हजार कोटी कण! ते दंडाच्या पेशीत शिरतात आणि मग काही दिवस आपल्याच पेशी काटा बनवतात. शरीराला वाटतं खरंच इन्फेक्शन झालं, म्हणून तो ताप, आणि बहुतेकांना पहिल्या डोसलाच जास्त. ह्यात एक मोठा फायदा आहे, काटा आतून बनला की पेशी त्याचे तुकडे स्वतःच्या अंगावर बाहेर मांडते आणि ते बघून किलर टी पेशी तयार होतात ज्या विषाणू शिरलेल्या पेशीच संपवतात. अँटिबॉडी, म्हणजे विषाणूला चिकटणारी आपली प्रथिनं, शक्यतो विषाणूला पेशीबाहेरच अडवतात, त्यातूनही जे आत घुसतात त्यांच्यासाठी ह्या लागतात.

नणंदेच्या लसीत विषाणूच नाही, नुसती काटा बनवायची चिठ्ठी, म्हणजे एमआरएनए, चरबीच्या अगदी बारीक थेंबात गुंडाळलेली. आपला डीएनए पेशीच्या केंद्रकात असतो आणि ही चिठ्ठी केंद्रकाच्या बाहेरच वाचली जाते, शिवाय चिठ्ठीवरून डीएनए लिहायला जे एन्झाइम लागतं ते लसीत नाहीच, त्यामुळे डीएनए बदलतो हे चूक आहे, कृपा करून पुढे पाठवू नका. चिठ्ठी इतकी नाजूक की शरीरात ती थोड्याच दिवसांत तुटते आणि फायझरची लस उणे ७० डिग्रीला साठवावी लागायची. पुण्याच्या जिनोव्हा कंपनीने मात्र साध्या फ्रिजमध्ये राहील अशी एमआरएनए लस बनवली, तिला २०२२ मध्ये परवानगी मिळाली, मला ह्याचं फार कौतुक वाटतं कारण उणे ७० चा फ्रीझर आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात कुठून आणणार?

राहिली काखेतली गाठ. दंडातून काट्याचे तुकडे घेऊन काही पेशी काखेतल्या लसिका ग्रंथीत जातात, तिथे बी पेशी (ह्या अँटिबॉडी बनवतात) आणि टी पेशींची तालीम चालते, ज्यांना काटा नीट ओळखता येतो त्यांची संख्या भराभर वाढते म्हणून ग्रंथी सुजते. तुमच्या आणि मिस्टरांच्या काखेतही हेच झालं, फक्त हाताला लागलं नाही. ह्यातल्या काही पेशी पुढे आठवण धरून राहतात आणि रक्तातल्या अँटिबॉडी कमी झाल्या तरी त्या असतात, साध्या अँटिबॉडी टेस्टमध्ये त्या दिसत नाहीत, म्हणून मिस्टरांची ती टेस्ट करायला जाऊ नका. नणंदेची गाठ एव्हाना गेलीच असेल, पण अजून लागत असेल तर ती लसीची समजून सोडून न देता तिने डॉक्टरांना दाखवावी.