500 किलो उचलणारा, घडी होऊन गाडीत मावणारा हॉइस्ट बनवायचा आहे. पाइप किती जाडीचा घ्यावा?

प्रश्न पाइपच्या जाडीचा आहे म्हणून लिहायला बसलो, नाहीतर या विषयावर बोलणं मी सोडून दिलं होतं. माझे साडू गेली कित्येक वर्षं घरातल्या प्रत्येक कार्यात चारचौघांसमोर एकच वाक्य ऐकवतात: "डिझाइन चांगलं होतं हो, पण पाइप पातळ पडला." पाइप पातळ पडला नव्हता. त्याला साधा बाकसुद्धा आला नव्हता. तुम्ही लिहिलंय की हॉइस्ट एकट्या माणसाला वाहून नेता आला पाहिजे, जागेवर उभा करता आला पाहिजे आणि त्यानं 500 किलो उचललं पाहिजे. तीनही गोष्टी होतात. पण पाइपपासून सुरुवात केलीत तर तुम्हीही साडूंच्याच वाटेनं जाल.

घडीचा हॉइस्ट मोडण्याच्या कितीतरी आधी उलटतो. हे पटत नसेल तर एक हिशोब करून बघा. परांचीचा साधा लोखंडी पाइप घ्या, बाहेरचा व्यास 48.3 मिमी, जाडी 3.2 मिमी, लांबी अडीच मीटर, दोन्ही टोकं पिनवर. ऑयलरच्या सूत्रानं तो सरळ दाबाखाली लचकायला 36 किलोन्यूटनच्या वर बळ लागतं, म्हणजे साडेतीन टनांहून जास्त. तीनचा सुरक्षा गुणांक धरला तरी एका पायावर सव्वा टन. तीन पायांची घोडी केलीत तर तुमचे 500 किलो तिला जाणवणारही नाहीत. जाणवेल ते पायांच्या बाहेर सरकण्याला. पाय उभ्या रेषेपासून 30 अंश फाकवले तर प्रत्येक पायाचं टोक जवळजवळ 96 किलोच्या जोरानं बाहेर जायला बघतं, आणि गुळगुळीत फरशीवर ते जातंच. पाय साखळीनं एकमेकांना बांधले की तो प्रश्न मिटतो. त्यासाठी पाइप जाड करून काडीचा उपयोग नाही.

आता तो प्रसंग. साडू आणि मी तेव्हा भागीदारीत दुरुस्तीची कामं घेत होतो. एका पंपहाऊसमधली सुमारे 400 किलोची मोटर तिच्या चौथऱ्यावरून उचलून बाजूला ठेवायची होती. तळघर, अरुंद जिना, क्रेन नाही, छताला हुक नाही. मी एक हॉइस्ट काढला: मागे उभा मास्ट (खांब), त्यावर बूम (पुढे जाणारा हात), खाली पुढे जाणारे दोन पाय, बूमच्या टोकाला चेन ब्लॉक (साखळी ओढून वजन उचलायची कप्पी). पाय 1.4 मीटर, आणि बूमचा हुक मास्टपासून 1.15 मीटरवर. म्हणजे वजन पायांच्या टोकांच्या चांगलं आत. हॉइस्टचं एकूण वजन 90 किलोच्या आसपास, पण एकही तुकडा 23 किलोच्या वर नाही. (अमेरिकेतल्या नायोश या संस्थेचं वजन उचलण्याचं सूत्र सगळी परिस्थिती आदर्श असताना 23 किलोपासून सुरू होतं. जिन्यात काहीही आदर्श नसतं, पण कुठेतरी रेघ मारावी लागते.)

साडूंचा आक्षेप पायांवर होता. "अहो, हे धूड जिन्याच्या वळणावर फिरणार कसं?" आक्षेप रास्त होता, हे मी आजही म्हणतो. जागेवर पोचतच नाही तो हॉइस्ट काय कामाचा. त्यावर माझं उत्तरही तयार होतं: पाय दोन तुकड्यांत करायचा, एक 800 मिमीचा, दुसरा 850 चा, 250 मिमी एकमेकांत सरकवायचा आणि दोन पिना मारायच्या. वळणावर सहज फिरतो, खाली नेऊन परत 1.4 मीटरचा करता येतो. साडूंना स्लीव्हचं काम नको होतं. वेळ जातो म्हणे. मी दुसऱ्या कामावर गेलो होतो त्या संध्याकाळी त्यांनी ग्राइंडर घेतला आणि दोन्ही पाय कापून एक मीटरचे केले.

कापून त्यांनी चाचणीही घेतली, आणि खरी गंमत तिथेच आहे. वर्कशॉपच्या सपाट जमिनीवर तेवढंच वजन उचललं आणि हॉइस्ट उभा राहिला! का राहिला ते सांगतो. वजन आता पायांच्या टोकाबाहेर 15 सेंटिमीटर लोंबत होतं. 400 गुणिले 0.15, म्हणजे उलटवणारा मोमेंट (वजन गुणिले अंतर) 60 किलोग्रॅम-मीटर. हॉइस्टच्या स्वतःच्या 90 किलोंचा गुरुत्वमध्य मास्टच्या 20 सेंटिमीटर पुढे, म्हणजे टोकापासून 80 सेंटिमीटर मागे. 90 गुणिले 0.8, म्हणजे धरून ठेवणारा मोमेंट 72. साठ विरुद्ध बहात्तर. उभा राहिला, पण जेमतेम. डोळ्यांना मात्र जेमतेम दिसत नाही, उभा एवढंच दिसतं.

दुसऱ्या दिवशी पंपहाऊसमध्ये मोटर चौथऱ्यावरून वीतभर उचलली आणि अख्खा हॉइस्ट सावकाश पुढे कलला. मोटर परत चौथऱ्यावर बसली, बूम तिच्यावर आला आणि टर्मिनल बॉक्स (तारा जोडायची पेटी) फुटला. माणसं बाजूला होती म्हणून निभावलं.

मी जाऊन पाहिलं. मास्ट सरळ. बूम सरळ. पिना जागच्या जागी, वेल्ड स्वच्छ, रंगाला तडासुद्धा नाही. मग फरशीवर स्पिरिट लेव्हल ठेवली. पाणी नालीकडे जावं म्हणून पंपहाऊसच्या फरशीला उतार असतोच, तसा इथेही मीटरला दोन सेंटिमीटर होता आणि हॉइस्टचं तोंड उताराकडे होतं. हुक 1.8 मीटर उंचीवर, म्हणजे तो पुढे सरकला 36 मिमी. उलटवणारा मोमेंट झाला 74. हॉइस्टचा गुरुत्वमध्य सत्तरेक सेंटिमीटर उंचीवर, तो सरकला 14 मिमी, धरून ठेवणारा मोमेंट उरला 71 च्या खाली. गोळाबेरीज संपली. हा हिशोब मी तिथेच एका पुठ्ठ्यावर खडूनं लिहून साडूंना दाखवला. त्यांनी पुठ्ठ्याकडे पाहिलंही नाही. ते म्हणाले, "मोटर तर वीतभरच वर होती. एवढ्याशा उंचीवर तोल कसा जाईल? पाइपच दबला असणार."

हा गैरसमज फार जणांचा असतो, म्हणून जरा थांबतो. लटकलेलं वजन जमिनीपासून वीतभर असो की छताला टेकलेलं असो, तोलाच्या हिशोबात ते जिथून लटकतं तिथेच असतं. हॉइस्ट कलला की वजन हुकाच्या सरळ खाली राहायला बघतं, म्हणजे हुक जाईल तिकडे तेही जातं. "मी फार वर उचलणारच नाही" या बोलीवर पाय आखूड करू नका. बूम खाली घेतलात तर फायदा आहे, साखळी लांब सोडलीत तर काही नाही.

त्यामुळे पहिला आकडा ठरवायचा तो पायांच्या लांबीचा. हुक सर्वांत पुढे असतानाही त्याची उभी रेषा पायांच्या टोकांच्या आत पडली पाहिजे, आणि तीसुद्धा काठावर नको, निदान वीतभर आत. मागे वजन ठेवून तोल सांभाळण्याचा मोह टाळा. जे वजन मागे ठेवणार तेही तुम्हालाच वाहून न्यायचंय.

दुसरी गोष्ट सांधे. घडीच्या बिजागरीनं फक्त घडी घालायची, वजन वाहायचं नाही. उघडल्यावर दोन फ्लँज (तुकड्यांच्या टोकांना लावलेल्या सपाट प्लेटी) समोरासमोर टेकले पाहिजेत, भार त्या टेकलेल्या तोंडांतून आणि बोल्टमधून गेला पाहिजे. बिजागरीचं भोक मी मुद्दाम थोडं लांबट ठेवतो, म्हणजे बोल्ट आवळले की ती मोकळी पडते. नुसत्या दोन पिनांवर सांधा ठेवणार असाल तर ढिलाईचा हिशोब करा. दोन पिना 100 मिमी अंतरावर आणि भोकांत अर्ध्या मिलिमीटरचा खेळ असेल तर दीड मीटर पुढच्या टोकाला साडेसात मिमी लोंबतात. असे दोन सांधे आले तर पंधरा. पिन चायनाची की लोकल याला महत्त्व नाही, भोक रीमरनं (भोक अचूक मापाचं करायच्या हत्यारानं) नीट केलंय का ते बघा.

बूम हायड्रॉलिक जॅकनं उचलणार असाल तर खरी परीक्षा जॅकच्या कानांची (पिन ज्यात बसते त्या भोकाच्या पट्ट्यांची) असते. हुक बूमच्या पिनपासून 1.2 मीटरवर आणि जॅकची रेषा त्याच पिनपासून 30 सेंटिमीटरवर असेल तर जॅकवर चौपट भार येतो, म्हणजे तुमच्या 500 किलोंचे दोन टन. दुकानातल्या दोन टनी इंजिन क्रेनला आठ टनी जॅक असतो तो उगाच नाही. 20 मिमीची पिन दोन्ही बाजूंच्या कानांत धरली तर एवढ्या भाराला तिच्यावर 32 मेगापास्कलच्या आसपास कातर ताण येतो, काहीच नाही. पण एकाच बाजूला कान लावून पिन बाहेर लोंबती ठेवलीत तर कान पिळला जातो आणि पहिली तडा वेल्डच्या कडेलाच जाते. गसेट (कोपऱ्यात वेल्ड करायची तिकोनी आधारपट्टी) लावायला कंटाळू नका.

उचलायला चेन ब्लॉक लावा आणि विषय संपवा. त्याला आपला ब्रेक असतो, हात सोडला तरी वजन थांबतं. हँड विंच खाली बसवून दोर वरच्या कप्पीवरून नेलात तर दोराची ओढ आणि वजन दोन्ही त्या कप्पीवर येतात, भार जवळपास दुप्पट. हे विसरून केलेल्या घोड्या मी पाहिल्यात. गाडी ओढायची विंच तर वजन उचलायला वापरूच नका, तिचा ब्रेक त्या कामासाठी नसतो.

ॲल्युमिनियमचंही कुणीतरी सुचवेलच. वजन पोलादाच्या तिसऱ्या हिश्शाएवढं, मान्य. पण लवचीकपणा जवळजवळ तिप्पट, आणि 6061-टी6 सारख्या मिश्रधातूला वेल्ड केलं की वेल्डच्या शेजारी ताकद अर्ध्यावर येते. ॲल्युमिनियम घ्यायचं तर बोल्टिंगनं जोडा, नाहीतर पोलादच बरं.

आता पाइप. गोल कशाला, बूमला आयताकृती पोकळ सेक्शन घ्या. आधाराच्या पुढे बूम 0.7 मीटर बाहेर असेल, 500 किलो लटकत असतील आणि हिसक्यासाठी सव्वापट धरलं, तर 100 बाय 50 बाय 5 चा सेक्शन उभा ठेवून ताण साधारण 130 मेगापास्कल येतो. साध्या माइल्ड स्टीलची यील्ड (ज्या ताणाला ते कायमचं वाकतं तो) 250 असते, म्हणजे निम्म्याच्या आसपास आहात. हाच सेक्शन आडवा ठेवला तर एक तृतीयांशाहून जास्त ताकद गेली, जाडी तीच असून. आखूड पायांचा हॉइस्ट 10 मिमी जाडीचा केलात तर तो उलटणारच, फक्त जास्त वजनदार होऊन उलटेल. साडूंना हे कुणी वाचून दाखवलं तर माझी हरकत नाही.

काही गोष्टी वर राहून गेल्या. हे सगळं सामान उचलण्याचं आहे, माणूस उचलण्याचं नाही. त्याचे नियम वेगळे आणि कडक आहेत. वजन लटकत असताना हॉइस्ट ढकलत नेऊ नका. छोटी चाकं फरशीच्या खाचेत अडकतात आणि वजन पुढे झोकांडतं, म्हणून मी चाकं रिकामा हॉइस्ट नेण्यापुरतीच ठेवतो आणि उचलताना पाय स्क्रूवर टेकवतो. कापडी पट्टा दोन बाजूंनी लावाल तेव्हा तो फार पसरवू नका, पट्टा आडव्या रेषेशी 30 अंशांवर आला की प्रत्येक बाजूवर अख्ख्या वजनाएवढी ओढ येते. वेल्डिंग स्वतः येत नसेल तर ज्याला येतं त्याच्याकडून करून घ्या. आणि वापरण्याआधी चाचणी: 500 च्या हॉइस्टला 625 किलो, म्हणजे सव्वापट, जमिनीपासून चार बोटं वर, थोडा वेळ टांगून ठेवा. ही चाचणी सपाट जमिनीवर झाली की हॉइस्टचं तोंड उताराकडे ठेवून मीटरला दोन सेंटिमीटरच्या उतारावरही करा, कुणाला जवळ उभं न करता. भागीदार असेल तर पायांच्या लांबीच्या ड्रॉइंगवर त्याची सही घ्या.

तुमच्या प्रश्नात हुक किती पुढे हवा, किती उंच हवा आणि वाटेतलं सर्वांत अरुंद दार केवढं, यातलं काहीच नाही. ते लिहा, मग मास्टच्या सेक्शनचं बोलू.