नवा गेम आला आणि घरात भांडणं सुरू झाली

“मॅडम, नवीन गेम आल्यापासून पोरगा ओळखू येईनासा झालाय. हे व्यसन आहे का?”

पालकांकडून हा प्रश्न मला वरचेवर येतो. पूर्वी तो पब्जीवरून यायचा. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने पब्जी मोबाइलवर बंदी घातली, तेव्हा कितीतरी आयांनी सुटकेचा निःश्वास टाकला होता. पण मुलं बघता बघता दुसऱ्या गेमकडे वळली, आणि जुलै २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय या नावाने परतही आला. गेमची नावं बदलतात, घरातली भांडणं तीच राहतात. म्हणून आज एका घराची हकिगत जरा सविस्तर सांगते. कुटुंबाची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलाला मिहिर म्हणू.

मिहिर १७ वर्षांचा, नाशिकमध्ये बारावी सायन्सला. वडील अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला, आई पतसंस्थेत. दिवाळीनंतर आई एकट्याच भेटायला आल्या. बसल्या बसल्या त्यांनी मोबाइलवरचा एक फोटो पुढे केला. बेडरूममधलं लोखंडी कपाट, आणि त्याच्या दारावर खांद्याच्या उंचीला पडलेला पोचा. मिहिरच्या मुठीचा.

भाऊबीजेनंतरच्या शनिवारी रात्री साडेअकरा वाजले तरी मिहिर कॉम्प्युटरसमोर होता. आईने दोनदा हाक मारली, त्याने हात हलवून ‘थांब’ अशी खूण केली. तिसऱ्या हाकेला तो ओरडला. वडील उठले, काहीही न बोलता बाहेरच्या खोलीत गेले आणि मेन स्विच पाडला. घर काळोखात. मग कपाटावर तो आवाज झाला. त्यानंतर चार दिवस बापलेक एकमेकांशी बोलले नव्हते.

“इतका राग याच्यात कधीच नव्हता हो,” आई म्हणाल्या. “दाराबाहेर उभं राहिलं की ऐकू येतं, ‘मार त्याला, मागे आहे, मेलो मी!’ हाताबाहेर गेलाय का मुलगा?”

गेम होता बॅटलफील्ड ६, युद्धाचा, बंदुकांचा ऑनलाइन गेम. १० ऑक्टोबर २०२५ ला, शुक्रवारी तो जगभर एकाच वेळी खुला झाला. भारतात तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजले होते, म्हणजे बहुतेक घरांत पानं वाढायची वेळ. मोठ्या नकाशावर दोन्ही बाजू मिळून ६४ जण, आणि त्यातही चार-चार जणांचे स्क्वॉड, म्हणजे छोट्या तुकड्या.

व्यसन आहे की नाही, याचं उत्तर फोटो बघून देता येत नाही. मी आधी साधे प्रश्न विचारले. झोप किती होते? कॉलेज, क्लास बुडतो का? जेवतो का? गेम सोडून कशात मन रमतं का? खोटं बोलणं, पैसे घेणं असं काही? हे सगळं कधीपासून? आईंच्या उत्तरांतून चित्र असं दिसलं: क्लास एकदाही बुडालेला नाही, रविवारी सकाळी बॅडमिंटन चालू आहे, दिवाळीत फराळाचे डबे पोचवायला तोच सगळीकडे फिरला. झोप मात्र खरोखर बिघडली होती, एका युनिट टेस्टमध्ये मार्क पडले होते, आणि घरात कोणाशी नीट बोलणं नाही. हे सगळं जेमतेम तीन आठवड्यांतलं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ हा विकार आहे. ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं. त्यात तीन गोष्टी पाहतात. खेळण्यावरचा ताबा सुटलेला असणं, बाकी सगळ्या गोष्टी मागे पडून गेम पुढे येणं, आणि नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच राहणं किंवा वाढणं. त्याचा परिणाम शिक्षण, नाती, कामधंदा यांवर ठळकपणे व्हायला हवा, आणि हे साधारणपणे वर्षभर टिकलेलं असावं लागतं. मिहिर यात बसत नव्हता. हे मी आईंना स्पष्ट सांगितलं, आणि राग व झोप या दोन गोष्टी गंभीर आहेत, त्यांवर काम करावं लागेल, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितलं.

वयाचंही सांगायला हवं. कुठला गेम कुठल्या वयासाठी हे ठरवणाऱ्या अमेरिकेच्या ईएसआरबी मानांकनात हा गेम १७ वर्षं आणि त्यापुढच्यांसाठी आहे. मिहिर १२ वर्षांचा असता तर माझं बोलणं वेगळं झालं असतं. सहावी-सातवीतल्या मुलाच्या हाती असला गेम देऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

मिहिर आला तो हाताची घडी घालून. अशा वेळी ‘तू किती तास खेळतोस’ असं विचारलं की संभाषण संपलंच म्हणून समजा. या गेममध्ये सैनिकाचे चार प्रकार असतात, त्यांना ‘क्लास’ म्हणतात. मी विचारलं, “चार क्लास असतात ना त्यात? तू कुठला घेतोस?”

त्याने वर पाहिलं. “सपोर्ट.”

“म्हणजे काय करायचं?”

“पडलेल्यांना उठवायचं. गोळ्या पुरवायच्या. किल कमी मिळतात, पण आपण नसलो तर स्क्वॉड टिकत नाही.” मग पंधरा मिनिटं तो बोलतच होता.

त्या बोलण्यातून जे कळलं ते आईवडिलांना माहीतच नव्हतं. मिहिर आणि त्याच्या स्क्वॉडमधले तिघे, या चौघांची दहावीपर्यंत घट्ट दोस्ती होती. आता एक पुण्यात, एक संभाजीनगरला, आणि एकाच्या वडिलांनी दुबईत नोकरी धरल्यामुळे तो तिकडे. ऑगस्टमध्ये गेमची ओपन बीटा, म्हणजे फुकट चाचणी, दोन वीकेंडना सगळ्यांना खुली होती. त्यातला दुसरा वीकेंड स्वातंत्र्यदिन आणि दहीहंडीच्या सुट्टीला जोडून आला. वर्षभराने चौघे पुन्हा रात्रभर एकत्र हसले, भांडले, जिंकले. मग बीटा बंद, आणि जवळजवळ दोन महिने वाट बघणं. मिहिरने वाढदिवसाचे आणि आत्याने दिलेले पैसे साठवून चार हजारांच्या आसपासचा गेम घेतला, आधीच डाऊनलोड करून ठेवला. सहामाहीचा अभ्यास करताना त्याच्या डोळ्यांपुढे ती एकच तारीख होती.

आणि त्या रात्री त्याच्याकडे गेम सुरूच झाला नाही. चीटिंग रोखण्यासाठी या गेमला पीसीवर ‘सिक्युअर बूट’ चालू असावं लागतं. ते सेटिंग कॉम्प्युटरच्या अगदी मुळाशी, बायोसमध्ये असतं. जुन्या पद्धतीने विंडोज टाकलेलं असेल तर आधी डिस्कची मांडणी बदलावी लागते. मिहिरने बीटा खेळली होती मित्राच्या लॅपटॉपवर, त्यामुळे हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. डिस्कला हात लावला आणि सगळा डेटा उडाला तर? त्यात बारावीच्या नोट्स, आईच्या ऑफिसचं काही काम. तो घाबरला.

“मग काय केलंस?”

“डिस्कॉर्डवर बसून राहिलो.” डिस्कॉर्ड म्हणजे खेळताना एकमेकांशी बोलायचं ॲप.

बाकी तिघांनाही सुरुवातीला रांगेत थांबावं लागलं. त्या दिवसांत पीसी गेम विकणाऱ्या नुसत्या ‘स्टीम’ या प्लॅटफॉर्मवर एका वेळी सात लाखांहून जास्त लोक हा गेम खेळत होते. पण ते आत गेले. मिहिर हेडफोन लावून मध्यरात्रीपर्यंत त्यांचं खेळणं ऐकत राहिला. “ते म्हणत होते, ‘अरे हे बघ, इकडे ये.’ मला दिसतच नव्हतं काही.” हे सांगताना त्याचा आवाज घोगरा झाला. माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बाहेरून दिसत होता गेमसाठी चिडचिडा झालेला मुलगा. आत होता आपल्या माणसांत आपण नाही, हे तासन्तास कानांनी ऐकणारा मुलगा.

पुढचे काही दिवस तो रात्री सगळे झोपल्यावर व्हिडिओ बघत ती सेटिंग शिकला, हळूहळू सगळं बदललं, गेम सुरू केला. तोवर मित्र बरेच पुढे गेले होते. अशा गेममध्ये खेळत जाल तशा नव्या बंदुका आणि साधनं खुली होतात. शिवाय २८ ऑक्टोबरला पहिला सीझन, म्हणजे गेममधल्या नव्या गोष्टींचा पहिला टप्पा, सुरू होणार होता, त्याची तारीख डोक्यावर टांगलेली. मागे पडलो तर हे तिघं चौथा कोणीतरी दुसरा घेतील, अशी भीती त्याच्या मनात बसली. म्हणून रात्री एक, दीड. हरला की ‘अजून एकच’. असल्या बऱ्याच गेममध्ये एक सामना संपला की पुढच्याची जुळवाजुळव आपोआप सुरू होते. थांबायचं असेल तर आपल्याला मुद्दाम बाहेर पडावं लागतं, आणि हरलेल्या, झोप उडालेल्या मुलाला नेमकं तेच जमत नाही.

आता आईंच्या हाकेकडे येऊ. ऑनलाइन सामना मध्येच थांबवता येत नाही, ही एक गोष्ट पालकांना कळली तरी निम्मी भांडणं टळतील. चालू कबड्डीच्या सामन्यातून खेळाडूला जेवायला हाक मारावी तसं ते असतं: तो उठला तर बाकीच्यांचं नुकसान. शिवाय कान हेडफोनने बंद असल्यामुळे स्वतःचा आवाज किती चढलाय हे मुलांना कळत नाही. आईंना ऐकू येणारं ‘मार त्याला’ हे बव्हंशी साथीदाराला दिलेली सूचना असते. तो आरडाओरडा ऐकून मूल हिंसक झालं असं समजू नये. गेम बंद झाल्यावर राग किती वेळ टिकतो आणि कोणावर निघतो, ते पाहावं. इथे तो कपाटावर निघाला होता. ते मिहिरलाही लागलं होतं, शब्दशः; मूठ सुजली होती आणि त्याने कोणाला दाखवली नव्हती.

मिहिर आणि आईवडील, तिघांना एकत्र बसवलं तेव्हा वडील सुरुवातीला गप्पच होते. सिक्युअर बूटचा विषय निघाला तसे ते पुढे सरकले. दिवसभर मशीन बंद का पडलं हे शोधणं हेच त्यांचं काम. “कुठली विंडोज होती? बॅकअप घेतलास का आधी?” मिहिरने सांगितलं. वडिलांनी आणखी दोन प्रश्न विचारले. मग म्हणाले, “मला सांगायचंस ना. बसलो असतो तुझ्याबरोबर.”

“तुम्ही म्हणाला असतात, बरं झालं, बंदच राहू दे.”

वडिलांनी ते नाकारलं नाही. तसंच म्हणालो असतो, असं कबूल केलं. मेन स्विच पुन्हा पाडणार नाही, हेही त्यांनी स्वतःहून सांगितलं. चालू कॉम्प्युटरची वीज अशी तोडणं मशीनलाही चांगलं नाही, हे कारण त्यांनी पुढे जोडलं. माझ्या मते त्यांना माफीच मागायची होती आणि त्यांना जमली ती अशी जमली. मिहिरला ते कळलं.

मग व्यवहाराचं बोललो. तासांचा हिशेब आम्ही सोडून दिला, कारण तास मध्येच तुटतो आणि तिथेच भांडण होतं. हिशेब राउंडचा, म्हणजे पूर्ण सामन्यांचा ठेवला. मोठा राउंड साधारण अर्ध्या तासाचा. कॉलेजच्या दिवशी दोन राउंड, साडेदहानंतर नवीन सुरू करायचा नाही, शनिवारी बारापर्यंत मुभा. आईंनी हाक मारण्याऐवजी दारात येऊन ‘किती वेळ राहिलाय?’ एवढंच विचारायचं, मिहिरने बोटांनी मिनिटं दाखवायची आणि ती पाळायची. लागोपाठ दोन सामने हरला तर खुर्चीतून उठून गॅलरीत जायचं, पाणी प्यायचं, मगच ठरवायचं. हे शेवटचं मिहिरला आधी बालिश वाटलं, पण चिडल्यावर नेम किती बिघडतो हे त्याला स्वतःलाच माहीत होतं, म्हणून ऐकलं. कपाटाचं दार सरळ करायचा निम्मा खर्च त्याच्या ओवाळणीतून. आणि मित्रांना त्याने स्वतः सांगायचं की बारावी आहे, मी रोज एवढाच वेळ असेन. याचीच त्याला सर्वांत जास्त धास्ती होती. दुबईच्या मित्राचं उत्तर आलं, “माझीही आई कटकट करते. शनिवार फिक्स करू.”

सगळं सुरळीत झालं असं नाही. पहिल्या आठवड्यात दोनदा साडेदहाचे सव्वाअकरा झाले, आई चिडल्या, मला फोन आला. अशा वेळी नियम मोडला म्हणून सगळंच बंद, असं करू नका. दुसऱ्या दिवशीचा एक राउंड कमी करा आणि विषय तिथेच संपवा, असं मी सांगते. डिसेंबरपर्यंत झोप रुळावर आली, पुढच्या टेस्टचे मार्कही. एका शनिवारी वडील मागे स्टूल टाकून अख्खा राउंड बघत बसले. काही कळलं नाही म्हणाले, पण मिहिर किती जणांना उठवतो ते त्यांनी मोजलं.

सगळी मुलं मिहिरसारखी नसतात. काही मुलांसाठी मी तेव्हाच्या तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली आहे: महिनोन् महिने कॉलेज सोडलेलं, दिवस-रात्र उलटी झालेली, घरातले पैसे गुपचूप गेममध्ये गेलेले, मित्रही तुटलेले, किंवा गेम काढून घेतल्यावर स्वतःला इजा करण्याची भाषा. यातलं काही दिसत असेल तर घरगुती नियमांत वेळ घालवू नका. जवळ कोणी डॉक्टर माहीत नसेल तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

मिहिर आणि त्याचे आईवडील अजून अधूनमधून येतात. गेमचा विषय आता फारसा निघत नाही. बोलणं होतं ते बारावीनंतर पुण्याला जायचं की नाशिकमध्येच राहायचं यावर. मिहिरला मित्र आहे तिथे जायचंय, वडिलांचा जीव होस्टेलच्या खर्चात अडकलाय, आणि आईंनी अजून आपलं मत सांगितलेलं नाही. पुढच्या भेटीला त्या काय म्हणतात ते ऐकायचं ठरलं आहे.