हाक कोणत्या नावाने मारायची?

ह्या महिन्यात पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज दोन्हीकडे नावाचेच प्रश्न जास्त होते, म्हणून त्यातलेच चार घेतलेत. लिहिणाऱ्यांची नावं दिलेली नाहीत, तालुका तेवढा ठेवलाय.

प्रश्न : ताई, आम्ही देवगड तालुक्यातले. मुलगा-सून पुण्याला असतात, नातू झालाय, बारसं गावच्या घरी करायचंय. सुनेने कियान नाव ठरवलंय. आमच्यात थोरल्या नातवाला घरातल्या गेलेल्या माणसाचं नाव देतात, माझे सासरे रवळनाथ, म्हणून आमचे हे म्हणतात रवळनाथच ठेवायचं. सून म्हणते शाळेत पोरं चिडवतील. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, सगळे निरोप माझ्यामार्फत चाललेत. काय करू?

उत्तर : काकी, आधी ते निरोप पोचवणं बंद करा. दोघांना समोरासमोर बसवा आणि बाळ तुमच्या ह्यांच्या मांडीवर द्या, बाळ मांडीवर असलं की माणूस आवाज चढवत नाही.

ही पद्धत कुठून आली ते सुनेला कुणी नीट सांगितलंय का, की फक्त "आमच्यात असंच असतं" एवढंच तिच्या कानावर गेलंय? जुन्या लोकांनी नावं खूप विचार करून ठेवलीत हो. मुलं जगत नसत तेव्हा धोंडू, दगडू, केरू, भिकू असली नावं ठेवायचे, मरणाची नजर तिकडे वळू नये म्हणून. माझे थोरले काका धोंडू, त्यांच्या आधीची दोन गेलेली, आणि माझ्या आजीने त्यांना आयुष्यात कधी धोंडू म्हणून हाक मारली नाही, बाबूच म्हणायची, अगदी त्यांना नातवंडं झाल्यावर पण. आणि सासऱ्याचं नाव मुलाला ठेवलं की सुनेला ते तोंडाने घेता यायचं नाही, मग त्या पोराचं बाळा, अप्पा, भाई, तात्या असं काहीतरी व्हायचं आणि तेच जन्मभर चालायचं. म्हणजे ज्या पद्धतीवरून तुमच्याकडे अबोला धरलाय तिच्यातच दोन नावांची सोय होती, एक मान राखायला आणि एक हाक मारायला. शिवाय पत्रिकेतलं, नक्षत्राच्या अक्षरावरून येणारं नावरस नाव वेगळंच.

तेव्हा पाळण्यात रवळनाथ घाला. आत्याने कानात कुर्र करून तेच सांगू दे, गोविंद घ्या गोपाळ घ्या करत बाळ पाळण्याच्या खालून-वरून फिरवताना ह्यांनी मोठ्याने तेच नाव घेऊ दे. कागदावरचं नाव मात्र आईबापाने ठरवायचं असं माझं स्पष्ट मत आहे, रोज ती हाक त्यांना मारायचीय आणि शाळेच्या फॉर्मवर सही पण त्यांनाच करायचीय.

सुनेलाही एक सांगा, माझ्या नावाने सांगितलंत तरी चालेल. मोबाईलवर नावांच्या याद्या असतात त्यात अर्थ कुणीही काहीही लिहितं, कियान म्हणजे देवाची कृपा असं पण लिहिलेलं असतं. तो फारसी शब्द आहे, राजे-राजघराणं अशा अर्थाचा. नाव छानच आहे, पण मुलगा उद्या विचारेल तेव्हा खरं सांगता आलं पाहिजे. आणि चिडवणारी पोरं कुठल्याही नावाला चिडवतात, त्या भीतीने रवळनाथ नको असेल तर ते कारण मला पटत नाही. तिला स्वतःला ते आवडत नसेल तर तसं सरळ म्हणावं. संध्याकाळी दोघांनी पडवीत उभं राहून खळ्याच्या पार माडापर्यंत दोन्ही नावांनी हाक मारून बघा, कुठली जिभेवर बसते ते पाच मिनिटांत कळतं. रवळू ही हाक मला स्वतःला फार गोड वाटते.

घाईही करू नका. 21 दिवसांत जन्माची नोंद व्हावी लागते, नावाची नाही. नावाची जागा रिकामी ठेवून नोंद होते आणि पुढे 12 महिन्यांच्या आत नाव फुकट घालता येतं, त्यानंतर लेट फी भरून. आणि 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांचं नाव महाराष्ट्रात बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असं लिहितात, म्हणजे सुनेचं नाव आता कागदावर मुलाच्या नावाला लागूनच येणार. हे ह्यांच्या कानावर आधीच घाला, कागद हातात आल्यावर नवीन वाद नको.

प्रश्न : मुलाचं लग्न मे महिन्यात आहे, चिपळूणला. मिस्टरांना जाऊन नऊ वर्षं झाली. पत्रिकेचा मजकूर दिरांनी लिहिलाय, त्यात माझ्या नावाआधी गं. भा. घातलंय. मी म्हटलं नको, तर म्हणतात मग नावच काढू, निमंत्रक म्हणून आम्ही आहोतच. मला रडू आलं. मी उगाच ताणतेय का?

उत्तर : अजिबात ताणत नाही आहात. नऊ वर्षं एकटीने मुलाला वाढवलंत आणि त्याच्याच लग्नाच्या पत्रिकेत तुमच्या नावाला काय लावायचं ते दुसऱ्यांनी ठरवायचं, हे मला वाचतानाच सहन झालं नाही.

बाईच्या नावामागे आपण केवढी शेपटं लावतो बघा, कुमारी असताना कु., लग्न ठरलं की चि. सौ. कां., लग्न झालं की सौ., नवरा गेला की गं. भा. किंवा श्रीमती. पुरुषाला चि. वरून श्री. झालं की संपलं, बायको असो नसो. पत्रिका हातात घेणाऱ्याला पहिल्या दोन अक्षरांत तुमचा नवरा आहे की नाही ते कळलंच पाहिजे अशी काय गरज आहे? एप्रिल 2023 मधे विधवा शब्दाऐवजी सरकारी कामात गंगा भागीरथी, म्हणजे हेच गं. भा., म्हणावं असा प्रस्ताव राज्यातल्या एका मंत्र्यांनी विभागाकडे चर्चेला पाठवला होता, तेव्हा बायकांनीच जोरात विरोध केला आणि निर्णय झालेला नाही असं त्यांना सांगावं लागलं. त्याच्या आदल्या वर्षी, मे 2022 मधे, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं ह्या प्रथा बंद करायचा ठराव केला आणि मग राज्य सरकारने बाकीच्या गावांनाही तसं करायला सांगितलं. बाहेर एवढं होतंय आणि घरातल्या पत्रिकेत गं. भा. कशाला?

श्रीमती हा खरं तर श्री. चाच जोडीचा शब्द आहे, कुठल्याही बाईला चालावा असा, आपल्याकडेच तो नवरा गेलेल्या बाईपुरता होऊन बसलाय. चालत असेल तर तो घाला, नाहीतर काहीच लावू नका, नुसतं नाव, वडिलांचं किंवा मिस्टरांचं नाव, आडनाव. मी असते तर काहीच लावलं नसतं. प्रेसवाल्याकडून प्रूफ येईल तेव्हा ते मुलाला घेऊन यायला सांगा आणि तुमचं नाव निमंत्रकांत सगळ्यात वर त्याच्याच हाताने लिहू दे. दिरांशी त्यानेच बोलावं. लग्न त्याचं आहे, त्याने एवढं केलंच पाहिजे.

प्रश्न : आमच्या वाडीचं नाव जातीवरून आहे. आधार कार्डावर पण तेच. मुलीला मुंबईत पत्ता सांगताना अवघडल्यासारखं होतं. बदलता येतं का? (मंडणगड)

उत्तर : येतं. डिसेंबर 2020 मधे राज्य सरकारने वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतलाय. ग्रामसभेत विषय घ्यायला लावा, पण त्याआधी वाडीतल्या घराघरात बसून नवीन नाव ठरवा, नाहीतर नाव बाहेरचा कुणीतरी देतो आणि तुम्हाला परत दुसऱ्याने ठेवलेल्या नावात राहावं लागतं. एक गोष्ट आठवण म्हणून, बौद्धवाडी हे नाव कित्येक ठिकाणी लोकांनी 1956 च्या धर्मांतरानंतर स्वतः अभिमानाने घेतलेलं आहे, तिथे कुणाला ते बदलायचं नसेल तर त्यांचं म्हणणं आधी ऐकून घ्या. तुमच्याच तालुक्यातल्या आंबडवे गावाच्या नावावरून बाबासाहेबांचं आडनाव आलेलं आहे, घराण्याचं आडनाव सकपाळ. रायगडात अलिबागच्या बाजूला बेने इस्रायल म्हणजे ज्यू लोकांना गावाने शनिवार तेली म्हटलं, शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे म्हणून. आजूबाजूच्यांनी कामावरून ठेवलेलं नाव ते. स्वतः मात्र ते स्वतःला बेने इस्रायलच म्हणत आले, आणि आडनावं लावली किहीमवरून किहीमकर, पेणवरून पेणकर अशी.

प्रश्न : वेंगुर्ल्याहून लिहितेय. माझी मुलगी, वय 21, मुंबईत शिकते. गणपतीला आली तेव्हा रात्री उशाशी येऊन म्हणाली आई मी मुलगी नाही, मुलगा आहे, आणि मला अथर्व म्हण. मी काही बोललेच नाही. ती गेल्यावर चार दिवस जेवले नाही. तिचं नाव माझ्या आईचं. जन्माच्या वेळी आईने त्या नावाचा तांब्याचा तांब्या करून घेतला होता, तो रोज पाण्याला वापरतो. लोक नाही नाही ते शब्द वापरतात. मी कुठला शब्द वापरू? आणि तांब्याचं काय करू?

उत्तर : तुमचा मेसेज मी तीनदा वाचला. रात्री उशाशी येऊन सांगितलं म्हणजे त्याला घरात सगळ्यात जवळचं माणूस कोण वाटतं ते कळलं ना तुम्हाला? मी मुद्दाम "त्याला" लिहिलंय, तुम्हाला टोचलं असेल तरी लिहिलंय, कारण त्याने तेच मागितलंय.

शब्दांचं असं आहे, सरकारी कागदात तृतीयपंथी लिहितात, हल्ली बरेच जण पारलिंगी म्हणतात, कॉलेजातली मुलं नुसतं ट्रान्स म्हणतात, आणि कुणाला ह्यातलं काहीच नको असतं, मी मुलगा आहे एवढं पुरे म्हणतात. सुप्रीम कोर्टाने 15 एप्रिल 2014 च्या निकालात सांगितलंय की आपली लिंगओळख माणसाने स्वतः ठरवायची. तेव्हा शब्द मी सुचवणार नाही, तुम्ही अथर्वलाच विचारा, बाळा तुला काय म्हटलेलं आवडेल. गल्लीतले शब्द घरात कुणी वापरले तर तिथेच थांबवा, पाहुणे असले तरी.

आपल्या भाषेत हे जास्त अवघड जातं ह्याची मला कल्पना आहे. इंग्रजीत क्रियापद तेच राहतं, आपल्याकडे आला की आली, जेवला की जेवली, प्रत्येक वाक्यात ठरवावं लागतं. मालवणीत चेडू, म्हणजे मुलगी, हा शब्द नपुंसकलिंगी, ता चेडू इला म्हणतो आपण, आणि मराठीत लेकरू आलं, पोर जेवलं म्हणता येतं. पहिले काही दिवस जीभ वळत नसेल तर लेकरू म्हणा, त्यात माया पण आहे. पण त्याच्या आड लपून राहू नका, त्याला "तो" हवाय. चुकून आली म्हणालात तर तिथल्या तिथे आला म्हणा आणि पुढे बोला, दर वेळी माफी मागत रडत बसलात तर त्यालाच तुमची समजूत काढावी लागेल. एकटी असताना स्वयंपाक करता करता सराव करा, अथर्व आला, अथर्वला भूक लागली, अथर्व उद्या जाणार. खरंच करा.

तुमच्या आईचं नाव गेलं ह्याचं दुःख खरं आहे, ते गिळून टाकू नका, पण ते त्याच्या अंगावर घालू नका, बहिणीजवळ बोला. कागदोपत्री नाव बदलायचं असेल तर 18 पूर्ण झालेल्या कुणालाही राजपत्रात जाहिरात देऊन बदलता येतं, ते त्याचं तो करेल, घाई त्याच्या मनाने होऊ दे.

तांब्या खोडायला देऊ नका. ते नाव तुमच्या आईचंही आहे, तिची आठवण म्हणून देवघरात किंवा कपाटात ठेवा, आणि अथर्वला आधी विचारा की समोर दिसलेला चालेल का, नाही म्हणाला तर आत ठेवा. पाण्याला नवीन घ्या. बाजारात भांड्याच्या दुकानात मशीनने लगेच नाव घालून देतात, फक्त तुम्ही तोंडी सांगू नका, अथर्वला त्याच्या हाताने कागदावर लिहून पाठवायला सांगा, रफार सुटायला नको.