स्टिअरिंग थरथरतं म्हणून एफडी मोडावी का?

प्रश्न: पुण्यात राहतो. माझ्याकडे 2011 ची बीएमडब्ल्यू झेड-4 आहे, सेकंडहँड घेतलेली. गाडी बहुतेक रविवारीच निघते. समृद्धीवर 105 ते 115 च्या दरम्यान स्टिअरिंग थरथरतं, त्याखाली काही जाणवत नाही. गॅरेजने 2,80,000 रुपयांचं एस्टिमेट दिलंय: चार टायर 1,12,000, प्रोपेलर शाफ्ट 98,000, पुढचे लोअर आर्म आणि बुश 46,000, मजुरी 24,000. हातात पगार 1,40,000 येतो, घराच्या हप्त्यासह खर्च 95,000. अडीअडचणीसाठी 5 लाखांची एफडी आहे. ती मोडू, 14 टक्क्यांनी पर्सनल लोन घेऊ, की 13 लाख देणाऱ्या डीलरला गाडी देऊन टाकू?

उत्तर: आज तरी यातलं काहीच करू नका. एस्टिमेट पाहिलं तर गॅरेजने दोष शोधलेला नाही, ज्या ज्या भागावर संशय येतो तो प्रत्येक भाग बदलायचं ठरवलं आहे. थरथर स्टिअरिंगमध्ये येत असेल तर संशय आधी पुढच्या चाकांवर जातो. प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जोर नेणाऱ्या दांड्याचा) दोष सहसा सीटमधून आणि गाडीच्या तळातून जाणवतो. म्हणजे यादीतली 98 हजारांची ओळ आत्ता तरी पुराव्याशिवाय उभी आहे.

हिशोब साधा आहे. तुमच्या टायरचा घेर साधारण 2 मीटर. ताशी 108 किमी म्हणजे सेकंदाला 30 मीटर, म्हणजे चाक सेकंदाला 15 फेरे घेतं. शाफ्ट चाकापेक्षा डिफरन्शियलच्या (मागच्या चाकांमधल्या गिअरपेटीच्या) रेशोइतक्या पटीने जास्त वेगाने फिरतो, त्यामुळे त्याचा कंप बारीक, गुणगुणल्यासारखा असतो. मोबाइलमधल्या कंप मोजणाऱ्या ॲपवर शेजारी बसलेल्याला आकडा पाहायला सांगा. 15 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 15 कंपांच्या, आसपास टोक दिसलं तर दोष चाकात, टायरमध्ये किंवा हबमध्ये (चाक ज्यावर बसतं त्या भागात) आहे. त्याच वेगाला एक गिअर खाली घेऊन पाहा. थरथर तशीच राहिली तर दोष इंजिनात नाही. फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर डिस्क बघा.

गाडी आठवडाभर एका जागी उभी असते, म्हणून पहिले 15-20 किमी टायरवर सपाट चट्टा राहू शकतो. टायर गरम झाल्यावर थरथर गेली तर खर्च शून्य. थंड आणि गरम, दोन्ही वेळची नोंद ठेवा.

त्यानंतरच्या तपासणीसाठी 12,000 रुपयांची मर्यादा ठरवा. चारही चाकं काढून मशीनवर फिरवायला सांगा आणि स्वतः समोर उभे राहा. रनफ्लॅट टायरची (हवा गेली तरी काही अंतर चालणाऱ्या) बाजू कडक असते, खड्ड्याचा मार थेट रिमवर बसतो आणि वाकते ती आतली कड. ती बाहेरून दिसत नाही, चाक फिरतानाच डोलताना दिसते. रिमच्या आत चौकोनी चिकट डाग दिसला आणि त्यावर वजन नसेल, तर बॅलन्सिंगचं वजन पडलेलं आहे. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा: 3218 म्हणजे 2018 चा 32 वा आठवडा. इतके जुने टायर या वेगाला नकोत, मग नक्षी कितीही शिल्लक असो.

चाक बसवतानाची चूक फार सर्रास होते. हबच्या तोंडावरचा गंज तारेच्या ब्रशने काढलेला हवा. रिम कंपनीची नसून बाजारातली असेल तर मधलं भोक 72.6 मिमी असावं किंवा त्या मापाची रिंग हवी. बोल्ट आधी हाताने, मग तारा काढतो तसे समोरासमोरचे, टॉर्क रेंचने 120 न्यूटन-मीटरपर्यंत आवळा. एअर गनने एका बाजूने कचकचून आवळलं की चाक मध्यावर बसत नाही आणि बॅलन्सिंगचे पैसे वाया जातात.

लोअर आर्मच्या बुशबद्दल (चाक धरणाऱ्या दांड्याच्या सांध्यातल्या रबराबद्दल) मात्र गॅरेजचं म्हणणं अर्धं बरोबर असू शकतं. बुश स्वतः थरथर निर्माण करत नाही, पण फाटला की चाकाची थोडीशी थरथरही हातापर्यंत पोचू देतो. बुशमधून तेल गळलेलं दिसलं तर ते 46,000 सुरक्षेसाठी खर्च करा. शाफ्टचा रबर कपलिंग आणि मधल्या बेअरिंगचं रबर लिफ्टवर टॉर्च लावून पाहता येतं; बोल्टच्या भोकांभोवती चिरा नसतील आणि बेअरिंगचं रबर धड असेल, तर तिथे हात लावू देऊ नका.

आता पैशाचं. 2,80,000 काढले तर एफडीत 2,20,000 उरतात, म्हणजे पाच महिन्यांचा आधार जेमतेम सव्वादोन महिन्यांवर येतो. गृहकर्ज असताना हे मला मान्य नाही. 14 टक्क्यांच्या कर्जाचा 24 महिन्यांचा हप्ता साधारण 13,440 बसतो, व्याज 42,600 च्या घरात. तुमच्या 45,000 च्या शिलकीतून तो निघेल, पण न सापडलेल्या दोषासाठी व्याज कशाला भरायचं? तपासणी आणि बुश मिळून 58,000 होतात, ते दीड महिन्याच्या बचतीतून भागतात. टायरही निघाले तर एफडीवर ओव्हरड्राफ्ट घ्या. व्याज बहुधा एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त असतं, वापरलेल्या रकमेवरच लागतं आणि एफडी शाबूत राहते.

वाकलेल्या रिमसाठी विम्याचा दावा करण्याआधी नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) पाहा. तो 50 टक्क्यांवर असेल तर रिम सरळ करून घेणं बहुधा स्वस्त पडेल. तडा गेलेली रिम मात्र वेल्डिंग करून या वेगाला वापरू नका, ती बदला.

विकायचं झालं तरी आधी कारण लेखी घ्या. थरथर का आहे हे सांगता येत नसेल तर डीलर सगळ्यात महागडं कारण धरून भाव पाडतो. आणि आरसीची तारीख बघा: 2011 ची गाडी 15 वर्षांच्या नूतनीकरणाला आली आहे. 2022 पासून साध्या कारला हे शुल्क 5,000 आणि आयात कारला 40,000 ठरलं, वर हरित कर वेगळा. तयार आयात झालेल्या तुमच्या गाडीसाठी ही रक्कम टायरच्या आधी बाजूला काढा.