वीस बाइटचा बॅकअप

प्रश्न : आमचा डेटाबेस पोस्टग्रेसवर आहे. रात्री २ वाजता पीजी-डंप (डेटाबेसची प्रत काढणारी कमांड) चालवायचा, त्याचं आउटपुट पाइपने (एका कमांडचं आउटपुट थेट दुसरीला देऊन) जीझिपला, म्हणजे फाईल लहान करणाऱ्या प्रोग्रामला द्यायचं, तारखेच्या नावाची फाईल करायची आणि आठवड्याहून जुन्या फाईली पुसायच्या, अशी ओळ क्रॉनटॅबमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनच्या यादीत) लिहिली. टर्मिनलवर ती नीट चालते, क्रॉनमध्ये मात्र फाईलच होईना. तीच ओळ स्क्रिप्टमध्ये टाकून क्रॉनला स्क्रिप्ट दिली, तर फाईली होऊ लागल्या, पण प्रत्येक फाईल २० बाइटची! एरर मेसेज डेव्ह-नलला पाठवतो, म्हणजे टाकून देतो. पासवर्ड बॅश-आरसीत (टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या फाईलमध्ये) आहे. चुकतंय कुठे?

उत्तर : आधी जुन्या फाईली पुसणारी कमांड बंद करा, मग पुढचं वाचा. तुमच्या स्क्रिप्टमध्ये तेवढी एकच कमांड चोख काम करते आहे. चांगले बॅकअप ती एकेक करून पुसत जाईल आणि हाती फक्त वीस-वीस बाइट उरतील. आज हाताने एक बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या मशीनवर ठेवा.

आकडा कळवलात हे बरं केलंत. जीझिपला आत काहीही दिलं नाही, तरी तो २० बाइटची रिकामी फाईल करून देतो. म्हणजे पीजी-डंप सुरुवातीलाच आपटतो आहे. पाइप यशस्वी झाला की नाही हे शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) शेवटच्या कमांडवरून ठरवतं. जीझिपचं काम झालं, म्हणून सगळं आलबेल. उरलीसुरली तक्रार तुम्हीच डेव्ह-नलमध्ये बुडवलीत.

पहिल्या वेळी फाईल का झाली नाही? क्रॉनटॅबमध्ये % या चिन्हापाशी कमांड संपते; पुढचा मजकूर त्या कमांडला इनपुट म्हणून जातो. तारखेचा फॉरमॅट % शिवाय लिहिता येत नाही, म्हणून तिथे \% लिहावं लागतं. स्क्रिप्टच्या आत हा नियम लागू नाही, त्यामुळे तो घोळ आपोआप मिटला.

आता पासवर्ड. क्रॉन बॅश-आरसी वाचत नाही, आणि मध्यरात्री पासवर्ड टाइप करायला कुणी बसलेलं नसतं. ज्या युजरच्या नावाने क्रॉन चालतो त्याच्या होम डिरेक्टरीत .पीजीपास ही पासवर्डची फाईल ठेवा आणि तिची परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) करा. इतरांना वाचता येत असेल, तर पोस्टग्रेस ती फाईल विचारातच घेत नाही.

पीजी-डंपचा पूर्ण पाथ, म्हणजे डिस्कवरचा पत्ता लिहा. क्रॉन कमांड जिथे शोधतो त्या जागांची यादी तोकडी असते, शिवाय मशीनवर दोन आवृत्त्या असल्या तर भलतीच चालायची. प्रोग्रामचा कोड साठवणाऱ्या गिटलॅब या सेवेचं उदाहरण जगजाहीर आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी त्यांच्या मुख्य डेटाबेसचा डेटा चुकून पुसला गेला. बॅकअप शोधायला गेले तर जागा रिकामी! सर्व्हर ९.६, चालत होता ९.२ चा पीजी-डंप, आणि तो आपल्यापेक्षा नव्या सर्व्हरला हात लावत नाही. अपयशाच्या ईमेल जात होत्या, पण पलीकडचा मेल सर्व्हर त्या नाकारत होता. सुदैवाने काही तासांपूर्वीचा स्नॅपशॉट (त्या वेळच्या डेटाची प्रत) सापडला.

मी असतो तर जीझिपच काढून टाकला असता. पीजी-डंपचा कस्टम फॉरमॅट मुळातच कॉम्प्रेस केलेला असतो. पाइप गेला की एक्झिट कोडही (कमांड यशस्वी झाली की नाही हे सांगणारा आकडा) खरा मिळतो. आधी तात्पुरत्या नावाने फाईल करा, पीजी-रिस्टोअरच्या लिस्ट पर्यायाने तिची यादी निघते का बघा, मगच नाव बदला आणि त्यानंतर जुन्या फाईली पुसा. या पायऱ्या && ने जोडा, म्हणजे एक अडली की पुढचं थांबेल. एरर मेसेज लॉग फाईलमध्ये जाऊ द्या.

यादी निघाली म्हणजे आतला सगळा डेटा शाबूत आहे असं नाही. महिन्यातून एकदा रिकाम्या डेटाबेसमध्ये रिस्टोअर करा, मुख्य टेबलांतल्या ओळी मोजा आणि किती वेळ लागला तेही लिहून ठेवा. अडचणीच्या दिवशी साहेब पहिल्यांदा तेच विचारतील.