तुर्भ्यातल्या आमच्या अभ्यासिकेचा मुलांना किती फायदा झाला, हे कॉलेजचे विद्यार्थी मोजू शकतील का?

नक्कीच, पण त्यांना जूनमध्येच बोलवा. वर्षअखेरीला हाती फक्त हजेरी उरते. मूल वाचायला लागलं का, हे त्यातून कळत नाही. 'असर' या देशभरातल्या शिक्षण-सर्वेक्षणातली वाचन चाचणी घ्या: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. तीच मार्चमध्ये पुन्हा. अभ्यासिकेत न येणाऱ्या, त्याच वस्तीतल्या मुलांचीही घ्या, नाहीतर शाळेचं श्रेय तुमच्या खात्यात जमा होईल. चाचणी तुमच्या ताईंनी नको, विद्यार्थ्यांनीच घ्यावी. आपल्या मुलांना नकळत हात दिला जातोच. एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) विद्यार्थ्यांना वर्षाला १२० तास द्यायचे असतात, म्हणून वाशी-नेरूळच्या कॉलेजांत कार्यक्रम अधिकाऱ्यांना आधी भेटा. आणि मधेच सोडून गेलेल्या मुलांच्या घरी विद्यार्थ्यांना आवर्जून पाठवा. मला तरी सगळ्यात मोलाची माहिती तिथेच मिळेल असं वाटतं.