मांगा म्हणजे जपानी कॉमिक काढणाऱ्या कलाकारांपैकी कोणाचं आयुष्य वाचण्यासारखं आहे?

सर्वांत गाजलेले मांगाकार ओसामू तेझुका, त्यांचं नाव कोणीही सांगेल. मी शिगेरू मिझुकी सुचवेन.

जन्म १९२२चा, बालपण साकाइमिनातो या बंदराच्या गावात. तिथे नोननोंबा नावाची म्हातारी त्याला भुताखेतांच्या गोष्टी सांगायची. छताच्या फळ्यांवरचे डाग रात्री कोण चाटून पाडतं, हेही तिला ठाऊक! पुढे याच भुतांनी त्याचं घर चालवलं.

पण त्याआधी दुसरं महायुद्ध आलं. पॅसिफिकमधल्या न्यू ब्रिटन बेटावर पहाटेच्या पहाऱ्याला असताना हा गडी दुर्बिणीतून पोपट बघत होता आणि तेवढ्यात हल्ला झाला. दहा जणांतला तो एकटा वाचला. जीव मुठीत धरून तळावर पोहोचला, तर शाबासकी राहिली बाजूला, ‘सगळे मेले, तू कसा पळून आलास?’ म्हणून वरिष्ठांनी झापलं. मग मलेरिया झाला आणि त्या आजारपणातच बॉम्बहल्ल्यात डावा हात गेला.

मायदेशी परतल्यावर मासे विकले, कोबेमध्ये भाड्याच्या खोल्यांची इमारत चालवली. ‘मिझुकी’ हे टोपणनाव त्या इमारतीवरूनच पडलं, खरं आडनाव मुरा. रस्त्यावर चित्रं दाखवत गोष्ट सांगणाऱ्यांसाठी चित्रं काढली, तो धंदाही बसला. मग पुस्तकं भाड्याने देणाऱ्या दुकानांसाठी मांगा. डाव्या खांद्याने कागद दाबून धरायचा आणि उजव्या हाताने रेघा ओढायच्या. घरात कायम ओढगस्त. १९६५मध्ये कोदांशा या प्रकाशनसंस्थेचं पारितोषिक मिळालं तेव्हा कुठे दिवस पालटले, वय ४३! १९६८मध्ये त्याच्या मांगातला कितारो टीव्हीवर आला: कबरीत जन्मलेला एकाक्ष पोरगा, आणि त्याचा बाप म्हणजे नुसता एक डोळा, वाडग्यात अंघोळ करणारा.

मला मात्र १९७३चं त्याचं युद्धावरचं मांगा ‘सोइन ग्योकुसाई सेयो’ सर्वांत थोर वाटतं. मरायलाच पाठवलेल्या तुकडीची ही गोष्ट बरीचशी त्याने स्वतः भोगलेली. माणसं साध्या रेघांची, व्यंगचित्रातल्यासारखी. मागचं जंगल मात्र पान न् पान कोरल्यासारखं. हे वाचल्यावर त्याची भुतं एकदम प्रेमळ वाटू लागतात.

आणि हो, तेझुका आणि दुसरा नामवंत मांगाकार इशिनोमोरी रात्र-रात्र जागून काम करायचे, मिझुकी मात्र निवांत झोपायचा. ते दोघेही साठाव्या वर्षी गेले. हा २०१५पर्यंत, ९३ वर्षं जगला, आणि झोपेच्या या फरकावर त्याने कॉमिकही काढलं.

सुरुवात त्या म्हातारीवरच्या त्याच्या ‘नोननोंबा’ या मांगापासून करा, इंग्रजीत मिळतं. २००७मध्ये फ्रान्सच्या आंगुलेम कॉमिक महोत्सवात सर्वोत्तम ठरलेलं पुस्तक आहे.